ऑपरेशननंतर आई रात्री भलतंच बोलते, आम्हाला ओळखत नाही. हे वेड आहे का?

नाही, हा बहुधा डिलिरियम आहे, म्हणजे आजारपणात अचानक होणारा मेंदूचा गोंधळ. स्मृतिभ्रंश महिनोन्‌महिने वाढत जातो. डिलिरियम तासा-दिवसांत येतो, कमीजास्त होतो. डिसेंबरपासून उलटे महिने म्हणायला सांगा (चैत्र-वैशाख सवयीचे असतील तर फाल्गुनापासून). सातसुद्धा नीट जमले नाहीत तर लक्ष टिकत नाहीये. लगेच डॉक्टरांना सांगा. लघवी तुंबणं, बद्धकोष्ठता, जंतुसंसर्ग, सोडियम उतरणं, दुखणं, एविलसारखी अ‍ॅलर्जीची औषधं, सगळं तपासायला हवं. झोपेसाठी लोराझेपाम मागू नका, गोंधळ वाढतो. दारू अचानक सुटल्याने झालेला डिलिरियम मात्र वेगळा, त्याला हा नियम लागू नाही. चष्मा, श्रवणयंत्र लावा, दिवसा खुर्चीत बसवा, ओळखीचं माणूस जवळ ठेवा. हात बांधल्याने तगमग वाढते. आणि गप्प, झोपाळलेला पेशंट ‘शांत आहे’ असं समजू नका. तोही डिलिरियम असू शकतो आणि तोच जास्त नजरेतून सुटतो.