‘माझा येथे काहीच उपयोग होत नाही’

मी समुपदेशक आहे. परदेशातील एखाद्या समाजविकास संस्थेत वर्षभरासाठी स्वयंसेवक म्हणून गेलेली माणसे माझ्याशी ऑनलाइन बोलू लागतात ती बहुधा तिसऱ्या ते सहाव्या महिन्याच्या दरम्यान, आणि त्यांच्या बोलण्याचा सूर जवळजवळ एकच असतो: नोकरीतून रजा घेतली, घरच्यांची समजूत घातली, साठवलेले पैसे खर्च केले, आणि येथे येऊन पाहतो तर माझा काहीच उपयोग होत नाही, परत यावे का? हा प्रश्न इतक्या जणांकडून ऐकला आहे की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. त्यासाठी एका महिलेशी झालेल्या संवादाचा आधार घेत आहे. लेखनाला त्यांची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि अनेक सत्रांतले बोलणे थोडक्यात मांडले आहे.

त्या एका बँकेत अधिकारी होत्या आणि आफ्रिकेतील एका देशात महिला बचत गटांबरोबर काम करणाऱ्या संस्थेत एका वर्षासाठी गेल्या होत्या. त्या भागातील गटांची पद्धत 1991 मध्ये नायजर देशातील मराडी भागात ‘केअर’ या संस्थेने सुरू केलेल्या कामातून पसरलेली आहे. वीस-पंचवीस स्त्रिया ठरलेल्या दिवशी जमून बचत करतात, त्यातूनच एकमेकींना कर्ज देतात आणि साधारण वर्षाच्या शेवटी सगळी रक्कम व्याजासह वाटून घेतात. पैशांच्या पेटीला तीन कुलुपे असतात व किल्ल्या तीन वेगवेगळ्या सदस्यांकडे राहतात, त्यामुळे पेटी कोणालाही एकटीला उघडता येत नाही. आजारपण किंवा मृत्यू अशा प्रसंगांसाठी एक छोटा मदतनिधी निराळा ठेवलेला असतो. बाहेरचे भांडवल नसते आणि बँकही नसते. अशा ठिकाणी बँक अधिकाऱ्याला आपण कशासाठी आलो आहोत असा प्रश्न पडला, तर त्यात नवल नाही.

त्यांनी आर्थिक साक्षरतेचे एक प्रशिक्षण मोठ्या मेहनतीने तयार करून नेले होते. संस्थेने मात्र त्यांना शाखेतील नोंदवह्यांचा मेळ घालायला बसवले, आणि गटांच्या बैठका त्यांच्यापेक्षा वयाने लहान असलेला स्थानिक सहकारीच घेत असे. ‘‘बैठकीत मला खुर्चीवर बसवतात आणि विसरून जातात,’’ असे त्या पहिल्याच सत्रात म्हणाल्या होत्या.

दूरदेशी असलेल्या माणसाची उदासी समोर आली की मी आधी झोप, भूक आणि औषधे यांची चौकशी करते. मलेरिया टाळण्यासाठी दिल्या जाणाऱ्या मेफ्लोक्विन या गोळीने काही जणांना भयस्वप्ने, चिंता आणि नैराश्य येऊ शकते, आणि अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2013 मध्ये तिच्यावर सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा छापणे बंधनकारक केले. अशा वेळी समुपदेशकाने खोल अर्थ शोधत बसू नये आणि स्वयंसेवकानेही परस्पर गोळी बंद करू नये. डॉक्टरांशी बोलून ती बदलून घ्यावी. माझ्या या अशिलाची गोळी निराळी होती आणि झोपही बरी होती.

त्यांनी स्वतःचे निदान स्वतःच करून ठेवले होते. ‘‘हा कल्चर शॉक आहे, मॅडम. मी वाचले आहे.’’ मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी 1954 मध्ये रिओ दि जानेरो येथील व्याख्यानात, परक्या संस्कृतीत गेल्यावर माणूस गोंधळून जातो त्या या अवस्थेचे टप्पे सांगितले, तेव्हापासून परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाच्या हाती हे नाव असते. ते चुकीचे नाही, पण त्याने एक सोय होते: दुःख हवामान, भाषा आणि परकेपणा यांच्या खात्यावर जमा करता येते आणि आपण तेथे कोणत्या नात्याने वावरत आहोत हे पाहायचे राहून जाते. मी त्यांच्या निदानाशी वाद घातला नाही, एक प्रश्न मात्र विचारला.

‘‘या चार महिन्यांत तेथे तुम्हाला कोणी मदत केली?’’

‘‘मला? मॅडम, मदत करायला तर मी आले आहे.’’

‘‘तरीही आठवून सांगा.’’

घरमालकिणीची मुलगी रोज संध्याकाळी भाषा शिकवत होती. सहकारी स्वतःची वाट वाकडी करून त्यांना मोटारसायकलवर सोडत होता. हे सगळे त्यांनी किरकोळ बाबी म्हणून सांगितले आणि मग सहज पुढे म्हणाल्या, ‘‘मला ताप आला होता तेव्हा एका गटाने त्यांच्या मदतनिधीतून पैसे पाठवले होते. मी अर्थातच दुसऱ्या आठवड्यात बैठकीत जाऊन ते परत केले.’’

‘‘अर्थातच?’’

‘‘त्यांचे पैसे मी कसे घेणार? त्यांनाच पुरत नाहीत.’’

‘‘परत केल्यावर त्या काय म्हणाल्या?’’

‘‘काही नाही. मोजून पेटीत ठेवले.’’ येथे त्या थांबल्या. ‘‘मॅडम, त्याआधी मी त्यांच्याबरोबर चटईवर बसत होते. खुर्ची त्यानंतर आली.’’

मी काही बोलले नाही. अशा क्षणी समुपदेशकाच्या जिभेवर वाक्ये तयार असतात आणि ती गिळता येणे हेच आमच्या कामातले अर्धे कौशल्य आहे, असे मी शिकाऊ समुपदेशकांना नेहमी सांगते. बऱ्याच वेळाने त्या हळू आवाजात म्हणाल्या, ‘‘तो निधी नियमाने फक्त सदस्यांसाठी असतो.’’

माझा ओढा मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड ॲडलर यांच्या विचाराकडे आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. माणसाची मुळातली गरज आपलेपणाने सामावले जाण्याची असते, आणि स्वतःविषयीच्या कमीपणाच्या भावनेवर मात करण्यासाठी माणूस अनेकदा वरचढपणाचा मार्ग धरतो, असे ते मांडतात. मला उमगलेली गोष्ट अशी की मदत करणे हा त्या वरचढपणाचा सर्वांत प्रतिष्ठित मार्ग आहे, कारण त्यात कोणी दोष काढत नाही. जो फक्त देतो आणि कधीच घेत नाही, तो समोरच्याला कायम ऋणी ठेवतो आणि स्वतः मात्र वर्तुळाबाहेर उभा राहतो. मग बाहेर उभे राहिल्याची बोच त्याला ‘माझा उपयोग होत नाही’ अशा शब्दांत जाणवते. माझ्या अशिलाचा उपयोग होत नव्हता असे मुळीच नव्हते, कारण मेळ घातलेल्या वह्या शाखेला हव्याच होत्या. त्यांना नकोसे झाले होते ते त्या कामात कोणीही आपल्या उपकाराखाली येत नाही हे.

विचारवंत इवान इलिच यांनी 1968 मध्ये मेक्सिकोतील कुएर्नावाका येथे अमेरिकी विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणात, पाहायला आणि शिकायला या, पण मदत करायला येऊ नका, अशा अर्थाचे खडसावणे केले होते. पुष्कळ स्वयंसेवक ते वाचून अपराधी होतात. मला ते निम्मे पटते. शिकायला जावे हे खरे, पण मदत करूच नये हा हट्टही देण्याघेण्याच्या व्यवहारातून अंग काढून घेण्याचाच प्रकार आहे.

पैसे पुन्हा मागण्याचा प्रश्न नव्हता, शिवाय लाभार्थींकडून काही स्वीकारण्याबाबत बहुतेक संस्थांचे नियम असतात आणि ते पाळावेच लागतात. त्यांनी सगळी हकिकत सहकाऱ्याला सांगितली, त्याला बरोबर घेऊन त्या गटाचे आभार मानले, आपल्याला त्या पैशांचा अर्थ समजला नव्हता असे सांगितले आणि एक विनंती केली. निरक्षर सदस्य असलेल्या गटांत बैठकीच्या शेवटी शिल्लक रक्कम मोठ्याने सांगितली जाते, ती सगळ्या जणी लक्षात ठेवतात आणि पुढच्या बैठकीत पेटी उघडण्याआधी तोंडी सांगतात. हा हिशेब मला शिकवा, अशी ती विनंती होती. बँकेतील अधिकारी कित्येक आठवडे आकडे चुकत राहिल्या आणि स्त्रिया हसत राहिल्या. पुढे शाखेच्या नोंदवहीतील निरुपयोगी रकाने कोणते, हे त्यांना या तोंडी हिशेबावरूनच कळले, आणि सहकाऱ्याने नवा सुटसुटीत तक्ता स्वतः आखला. नेलेले प्रशिक्षण झालेच नाही. उदास दिवसही अधूनमधून येत राहिले, पण परत येण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

ज्यांना अजून निघायचे आहे त्यांनी संस्थेला काही प्रश्न स्पष्टपणे विचारावेत. ही जागा स्थानिक लोकांनी मागितली की स्वयंसेवक उपलब्ध आहे म्हणून ती निर्माण झाली? रोज कोणत्या स्थानिक सहकाऱ्याबरोबर काम करायचे आहे? आपण गेल्यावर ते काम कोण करणार? उत्तरे गुळमुळीत आली तर थांबावे. अनाथालयांत काही आठवडे मुलांना ‘प्रेम द्यायला’ जाण्याच्या योजनांना तर मी सरळ नकार देण्यास सांगते. अशा संस्थांतील अनेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, आणि दर महिन्याला नव्या माणसाशी जवळीक होऊन तुटणे लहान मुलाला सोसत नाही. मुदतीविषयीही वास्तव भान हवे. परदेशांत स्वयंसेवक पाठवणाऱ्या पीस कोअर या अमेरिकी सरकारी संस्थेत सेवेचा काळ साधारण 27 महिन्यांचा असतो आणि त्यातले पहिले तीनेक महिने भाषा व प्रशिक्षणातच जातात, यावरून चौथ्या महिन्यात स्वतःचा निकाल लावण्याची घाई किती अवाजवी आहे हे ध्यानात येईल.

जे आधीच तेथे आहेत आणि याच प्रश्नाशी झगडत आहेत, त्यांनी एका आठवड्यात आपण कोणाकडून काय घेतले हे लिहून पाहावे. पान कोरे राहिले तर या आठवड्यात एक तरी गोष्ट मागावी: शब्दाचा उच्चार, रस्ता, सल्ला, सोबत. सुरुवातीला हे फार अवघड वाटते, विशेषतः आपल्या कामात निष्णात असलेल्यांना.

काही जणांना मात्र मी परत या असेच सांगते. आपली पात्रता नसलेले उपचार करायला लावले जात असतील, छळ होत असेल आणि संस्था तक्रारीची दखल घेत नसेल, किंवा दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप व भूक उडाली असेल आणि जवळ डॉक्टर नसेल, तर वर्ष पूर्ण करण्याचा हट्ट धरू नये. आधी सुरक्षित ठिकाणी पोहोचावे, विम्याची कागदपत्रे जवळ ठेवावीत, संस्थेला लेखी कळवावे, आणि आपण हरलो का याची चर्चा घरी पोहोचून, पुरेशी झोप झाल्यावर करावी.