वाचकांचे प्रश्न : घरात दोन भगतसिंग

प्रश्न : ताई, माझी मुलगी अकरावीत आहे. वक्तृत्व स्पर्धेसाठी तिने भगतसिंग हा विषय घेतलाय. दादरच्या पुस्तक प्रदर्शनातून दोन चरित्रं आणली. एकातले भगतसिंग देवाधर्माचे, दुसऱ्यातले पक्के कम्युनिस्ट. सासरे गिरणीत होते, लाल बावट्याचे. ते दुसरंच खरं म्हणतात. दीर पहिल्याच्या बाजूने. जेवताना रोज वाद. चांगलं चरित्र ओळखायचं कसं?
– एक वाचक, विक्रोळी

उत्तर : तुमच्या घरातले दोघेही अर्धं पुस्तक वाचून भांडताहेत, असं मला वाटतं. भगतसिंगांनी ऑक्टोबर 1930 मध्ये तुरुंगात ‘मी नास्तिक का आहे’ हा लेख लिहिला. त्यात ते स्वतःच सांगतात, की आजोबा आर्यसमाजी होते आणि लाहोरच्या डीएव्ही शाळेच्या वसतिगृहात असताना आपण तासन् तास गायत्री मंत्र म्हणत होतो. पुढे वाचन वाढलं आणि 1926 संपेपर्यंत देवावरचा विश्वास पूर्ण गेला. म्हणजे दिरांचा भगतसिंगही होता आणि सासऱ्यांचाही होता, फक्त एकाच वेळी नव्हता. फाशी गेले तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. त्या वयातला माणूस दर वर्षी बदलतो. ज्या चरित्रात तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकाच विचाराचा दिसतो ते खाली ठेवा, मग लेखक कुठल्याही बाजूचा असो.

माझं निम्मं आयुष्य ग्रंथालयाच्या देवघेव विभागात गेलं. भगतसिंगांचं पुस्तक मागणारे पुष्कळ यायचे आणि बहुतेक जण मुखपृष्ठ बघून निवडायचे. मुखपृष्ठावर पिवळी किंवा भगवी पगडी, हातात पिस्तूल. ती रंगीत पगडी चित्रकारांची. त्यांचे खरे फोटो मोजकेच आहेत आणि सगळ्यांत प्रसिद्ध आहे तो हॅटमधला, असेंब्लीत बॉम्ब टाकण्याआधी दिल्लीत मुद्दाम काढून घेतलेला. पगडी छापली म्हणून पुस्तक वाईट ठरत नाही, मुखपृष्ठ कित्येकदा लेखकाच्या हातात नसतं. पण आत हॅटच्या फोटोची हकिगतच नसेल तर मला शंका येते.

दुकानात उभ्या उभ्या बघता येईल असं पान म्हणजे 8 एप्रिल 1929. बॉम्ब टाकला हे सगळेच लिहितात. त्या दिवशी सभागृहात काय चाललं होतं, ते शोधा. ट्रेड डिस्प्यूट्स बिल, म्हणजे कामगारांच्या संपावर बंधनं आणणारा कायदा, नुकताच मंजूर झाला होता आणि पब्लिक सेफ्टी बिलावर, म्हणजे परदेशी कम्युनिस्टांना देशाबाहेर काढण्याचा अधिकार सरकारला देणाऱ्या विधेयकावर, सभागृहाचे अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल निर्णय सांगणार होते. त्याच्या आदल्या वर्षी आपल्या गिरणगावात सहा महिन्यांचा संप झाला होता. मार्च 1929 मध्ये डांग्यांसकट कामगार पुढाऱ्यांना मीरत खटल्यासाठी, म्हणजे कम्युनिस्टांवरच्या कटाच्या खटल्यासाठी, उचललं होतं. या दोन विधेयकांचा उल्लेखच नसला, तर तो बॉम्ब निव्वळ शौर्याचा प्रयोग वाटतो. सासऱ्यांना हे पान नक्की आवडेल. पण त्यांनाही एक विचारा : बॉम्बबरोबर टाकलेल्या पत्रकातलं ‘बहिऱ्यांना ऐकू जावं म्हणून मोठा आवाज लागतो’ हे वाक्य कुणाचं? पत्रकातच नाव आहे : वायाँ, पॅरिसच्या संसदेत बॉम्ब टाकणारा फ्रेंच अराजकतावादी. मार्क्सवादी नव्हे. तसंच ‘इन्किलाब झिंदाबाद’ ही घोषणा उर्दू कवी हसरत मोहानींची. भगतसिंगांनी ती घरोघर पोचवली. दोन्हींचं श्रेय भगतसिंगांच्याच खात्यावर टाकणारा लेखक इतर ठिकाणीही हात सैल सोडतो.

सँडर्सवधाचं पान जरा सावकाश वाचा. 17 डिसेंबर 1928, लाहोर. मारायचं होतं लाला लजपतरायांच्या मोर्चावर लाठीमार करवणाऱ्या पोलीस अधीक्षक स्कॉटला. इशारा देणाऱ्या जयगोपालची चूक झाली आणि त्याच्याऐवजी दुसरा पोलीस अधिकारी, सँडर्स, मारला गेला. पाठलाग करणारा हवालदार चननसिंगही त्यात गेला. तो भारतीय माणूस, म्हणून गौरवग्रंथांतून हळूच गळतो. जयगोपाल पुढे माफीचा साक्षीदार झाला. हे अवघड धागे न लपवता जो सांगतो, त्याच्या कौतुकावर माझा विश्वास बसतो.

मुंबईच्या मुलीसाठी म्हणून लॅमिंग्टन रोडही शोधा. 7 ऑक्टोबर 1930 ला भगतसिंगांना फाशीची शिक्षा सुनावली गेली आणि त्याच आठवड्यात लॅमिंग्टन रोडच्या पोलीस ठाण्याजवळ सार्जंट टेलर आणि त्याच्या पत्नीवर गोळ्या झाडल्या गेल्या. झाडणाऱ्यांत दुर्गाभाभी होत्या. सँडर्सवधानंतर भगतसिंगांची पत्नी बनून त्यांना लाहोरबाहेर काढणाऱ्या त्याच. पुष्कळ पुस्तकांत त्या कलकत्त्याच्या गाडीतून उतरतात, त्या पुन्हा दिसतच नाहीत!

गांधीजींनी फाशी टाळायचा पुरेसा प्रयत्न केला का, हा प्रश्न निघाला तर घरात ताटं आदळतील. लेखक काय निष्कर्ष काढतो ते नंतर बघा. गांधींनी 23 मार्च 1931 ला व्हाइसरॉय आयर्विनला लिहिलेलं पत्र आणि 20 मार्चला ‘आम्ही युद्धकैदी आहोत, फाशीऐवजी गोळ्या घाला’ असं पंजाब सरकारला कळवणारं भगतसिंगांचं पत्र, दोन्ही त्याने दिलीत का, ते बघा. संवाद मात्र शब्दशः दिलेले असतील, तर ती कादंबरी समजून वाचा. कोठडीत कोण कोणाला काय म्हणालं ते टिपायला तिथे कोणी बसलं नव्हतं.

खटल्याविषयी ए. जी. नूरानींचं ‘द ट्रायल ऑफ भगत सिंग’ मला सर्वांत भरवशाचं वाटतं. ते मुंबईचेच वकील होते, आणि सरकारने वटहुकूम काढून खास न्यायाधिकरण कसं नेमलं, आरोपींच्या गैरहजेरीत खटला कसा चालवला, हायकोर्टात अपिलाची वाटच कशी ठेवली नाही, हे त्यांनी कायद्याच्या अंगाने मांडलंय. इंग्रजी आहे आणि थोडं जड. अकरावीच्या मुलीने सगळं वाचायची गरज नाही.

तिला आधी भगतसिंगांचंच लिखाण द्या. नास्तिकतेवरचा लेख छोटा आहे, दोन संध्याकाळी पुरतील. त्यानंतर 2 फेब्रुवारी 1931 चं तरुण राजकीय कार्यकर्त्यांना लिहिलेलं पत्र, ज्यात बॉम्बच्या मार्गाविषयी ते स्वतःच फेरविचार करतात. मग घरातली दोन्ही पुस्तकं पुन्हा उघडून या दोन गोष्टींना कुणी किती जागा दिलीय, ते तिलाच बघू द्या. दुकानाने बिल दिलं असेल तर जपून ठेवा, कदाचित एक पुस्तक बदलून घ्यावं लागेल. आणि भाषणात 14 फेब्रुवारीला फाशी झाली, असं चुकूनही येऊ देऊ नका. दर वर्षी त्या दिवशी मोबाइलवर फिरणारा तो मजकूर खोटा आहे, परीक्षक तिथेच गुण कापतील.