तो वेळ, ती वेळ आणि ‘सोपवणे’

नागपूरच्या सदर भागातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ख्रिस्ती कारभारीपणावर (सगळं देवाचं, आपण फक्त सांभाळणारे, या शिकवणीवर) एक छोटं पत्रक निघतंय. मूळ इंग्रजी मजकुरात ‘सरेंडर युअर टाइम अँड प्लॅन्स टू गॉड’ असं वाक्य आहे. भाषांतराला बसलेल्या तिघांनी तीन क्रियापदं सुचवली: आपला वेळ आणि योजना देवाला ‘शरण आणा’, ‘समर्पित करा’, ‘अर्पण करा’. यातलं कोणतं घ्यावं?

ताई, माझ्या मते तिन्ही नकोत. ‘सोपवून द्या’ घ्या. आणि वेळ व योजना ही दोन्ही एकाच क्रियापदाच्या दाव्याला बांधू नका.

‘शरण’ लगेच बाजूला करता येतं. शरण माणूस स्वतः जातो. दुसऱ्याला शरण आणायचं म्हणजे त्याला नमवायचं, आणि वेळ काही आपला शत्रू नाही. ‘समर्पण’ शब्द सुंदर आहे, पण नागपूरच्या वाचकाच्या कानात तो वेगळाच वाजतो. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत गडचिरोलीच्या बातमीत ‘नक्षलवाद्यांचे आत्मसमर्पण’ इतक्यांदा येतं, की समर्पण म्हटलं की शस्त्र खाली ठेवणं आणि हार मानणं हेच डोळ्यांपुढे येतं.

‘अर्पण’ची अडचण मंडळीच्या आतली आहे. उपासनेत गीत चालू असताना थैली फिरते, ते अर्पण. थैलीत टाकलं, प्रार्थना झाली, आपला भाग पुरा झाला. ‘वेळ अर्पण करा’ म्हटलं की ऐकणारा रविवारची सकाळ आणि आठवड्यातली एखादी प्रार्थनासभा मोजतो आणि उरलेले दिवस आपले धरतो. कारभारीपणाची शिकवण तर सांगते की सगळेच दिवस धन्याचे.

आता ‘सोपवणे’. हा शब्द कुठून आला? संस्कृत ‘समर्पयति’, प्राकृतात ‘समप्पेइ’, आणि तिथून हिंदीत ‘सौंपना’, मराठीत ‘सोपणे, सोपवणे’. म्हणजे समर्पण आणि सोपवणे ही एकाच घरची भावंडं. एक देवळात आणि सभागृहात राहिलं, दुसरं अंगणात वाढलं. लेकराला आजीकडे सोपवतात, किल्ल्या सोपवतात, निर्णय वडीलधाऱ्यांवर सोपवतात. ज्याला सोपवलं त्याच्यावर विश्वास आहे, आणि तो ती गोष्ट सांभाळील, हे त्या क्रियापदातच बसलेलं आहे. मला या शब्दाचं फार प्रेम आहे, ते यासाठी. सदरला आमच्या शेजारी एक काकू राहत. घरातल्या दुखण्यामुळे पुण्याला जायचा बेत त्यांना ऐन वेळी मोडावा लागला, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “सोपवून देलं न बाप्पा त्याच्यावर, आता तो पाहीन.” त्या बोलण्यात हार कुठेच नव्हती.

शिवाय ‘कडे’ आणि ‘वर’ हा बारकावा पाहा. वस्तू कोणाकडे सोपवतात, पण भार आणि निवाडा कोणावर सोपवतात. मराठी बायबलात ३७व्या स्तोत्राच्या ५व्या ओवीत ‘आपला जीवितक्रम परमेश्वरावर सोपवून दे’ असं आहे. मूळ हिब्रू क्रियापद ‘गलल’, म्हणजे लोटणे, गडगडत नेणे. जड धोंडा उचलत नाही तेव्हा लोटतात, तसा. आणि पुढचं अव्यय ‘अल’, म्हणजे ‘वर’. वाट, जीवितक्रम, जे काही आपल्याला पेलत नाही ते त्याच्यावर लोटून दे. मराठीतला ‘वर’ इथे अगदी नेमका बसला आहे.

कोणी म्हणेल, मग ‘देवावर हवाला ठेवा’ का नको? कारण त्या वाक्प्रचाराला ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ची सावली आहे. कारभारी खाटेवर बसून राहू शकत नाही.

हा ‘कारभारी’ शब्दही नागपूरकरांना परका नाही. १८व्या शतकात राज्य जानोजी भोसल्यांचं, पण कारभार पाहणारे देवाजीपंत चोरघडे, साडेतीन शहाण्यांपैकी एक पूर्ण शहाणे. अधिकार मोठा, मालकी मात्र धन्याची. नव्या करारातला ग्रीक शब्द ‘ओइकोनोमोस’, म्हणजे घराची व्यवस्था पाहणारा. लूकच्या १६व्या अध्यायात धनी त्याच्याकडे एकच गोष्ट मागतो: कारभाराचा हिशेब. कारभारी धन्याला धन्याचीच वस्तू भेट देत नसतो, तो हिशेब देतो. मत्तयाच्या २५व्या अध्यायात तर धनी परदेशी जाताना दासांकडे मालमत्ता सोपवून जातो. म्हणजे सोपवणं आधी त्याच्याकडून आपल्याकडे झालेलं आहे.

मग वेळेचं काय? इथे मराठीकडे एक अशी गोष्ट आहे जिची ताईंच्या पत्रकाला खरी गरज आहे. आपल्याकडे ‘वेळ’ दोन लिंगांत चालतो. ‘माझा वेळ गेला’ म्हणजे तास-दोन तासांचा अवधी. ‘माझी वेळ आली’ म्हणजे तो नेमका क्षण. विभक्ती लागली की दोन्ही बरेचदा मिसळतात, ‘वेळेचा सदुपयोग’ म्हणताना आपण अवधीच मोजत असतो. पण मूळ भेद जिवंत आहे. काना येथील लग्नात येशू आईला म्हणतो, “माझी वेळ अजून आली नाही.” तिथे ‘माझा वेळ’ करून पाहा, वाक्य कोसळतं.

तो वेळ आपल्या हातात दिलेला आहे. त्याचा कारभार करायचा, हिशेब ठेवायचा. ती वेळ, म्हणजे कधी काय घडेल हे, आपल्या हातात कधीच नव्हतं. बेत तिच्यावरच अवलंबून असतात. याकोबाच्या पत्राच्या ४थ्या अध्यायातले व्यापारी म्हणतात की अमुक शहरी जाऊ, वर्षभर राहू, नफा मिळवू. याकोब त्यांना व्यापार सोडा म्हणत नाही. ‘प्रभूची इच्छा असेल तर’ हे शब्द आधी जोडा म्हणतो.

‘योजना’ऐवजी मी ‘बेत’ म्हणतोय तेही मुद्दाम. योजना म्हटलं की सरकारी फॉर्म आणि लाभार्थ्यांची यादी आठवते. बेत घरातला, मनातला, आणि मोडला तर दुखणारा.

तेव्हा वाक्य असं करून पाहा: ‘तुमच्या हाती दिलेला वेळ विश्वासू कारभाऱ्यासारखा वापरा, आणि तुमचे बेत देवावर सोपवून द्या.’

नुसतं ‘सोपवा’ छापू नका. ‘देणे’ जोडलं की हात मोकळा होतो. वधस्तंभावरचा शेवटचा उद्गारही मराठीत ‘आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो’ असाच आहे, आणि उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, तो वाचला जातो तेव्हा ‘देतो’वर वाचणाऱ्याचा आवाज हळू होतो.