‘आपला काय संबंध?’ म्हणण्याआधी

अमेरिकेतल्या मराठी आईवडिलांची एक काळजी माझ्याकडे वरचेवर येते. शाळेत गुलामगिरीबद्दल, वर्णभेदाबद्दल शिकवतात, मुलं घरी येऊन प्रश्न विचारतात. एवढ्या लहान वयात हा विषय घरात काढला तर मुलांच्या मनात अढी बसेल का? टाळलेलाच बरा ना?

टाळू नका, असं माझं ठाम मत आहे. एका घराचं सांगते, ओळख पटेल असे तपशील बदलून.

न्यू जर्सीतलं कुटुंब, मुलगी पंधरा वर्षांची. नाचाच्या क्लासमधली तिची जिवलग मैत्रीण कृष्णवर्णीय, राहायला न्यूअर्कला. हिला तिच्याकडे मुक्कामाला जायचं होतं. बाबा म्हणाले, “तिकडे नको. त्या लोकांनी मेहनत केली असती तर वस्तीची ही दशा झाली असती का? आम्ही नाही आलो दोन बॅगा घेऊन?” तेव्हापासून मुलगी घरात हो-नाहीपलीकडे बोलेना. आई रडकुंडीला आलेली. बाबा लेकीला जिवापाड जपणारे, पण हा इतिहास त्यांच्या कानावर कधी पडलाच नव्हता.

मी मुलीला म्हटलं, बाबांना जे दाखवावंसं वाटतं ते घेऊन ये. तिनं फोनवर न्यूअर्क परिसराचा १९३०च्या दशकातला नकाशा आणला. सरकारी संस्थेनं तेव्हा शहरोशहरी असे नकाशे केले होते. कर्जाला उत्तम भाग हिरवा, धोक्याचा लाल. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळजवळ सरसकट लाल. तिथं गृहकर्ज मिळणं महाकठीण, आणि या देशात सामान्य कुटुंबाची पुंजी म्हणजे घरच. घरांच्या व्यवहारातला हा भेदभाव १९६८ साली बेकायदा ठरला, पण तोवर पिढ्या गेल्या होत्या.

बाबांनी दोन बोटांनी नकाशा मोठा केला. स्वतःच्या घराचे हप्ते फेडणारा माणूस. बराच वेळ पाहून म्हणाले, “म्हणजे पगार असूनही कर्ज नाही?”

“नाही, बाबा. रंग बघून.”

मग मी ‘दोन बॅगां’कडे वळले. १९४६च्या कायद्यानं भारतीयांना अमेरिकेत स्थायिक व्हायला वर्षाला जेमतेम १०० जागा होत्या. १९६५च्या कायद्यानं मूळ देश बघून कमी-जास्त जागा देणारा तो जुना कोटा गेला आणि आपल्या लोकांना दार उघडलं. तो कायदा आला नागरी हक्क चळवळीच्या लाटेत, आणि त्या चळवळीत मार खाल्ला तो मुख्यतः कृष्णवर्णीयांनी. आईला एकदम आठवलं, फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्यांना. संबंध तेव्हापासूनचा आहे.

बाबा उत्साहानं म्हणाले, आता तिच्या मैत्रिणीलाच सगळं विचारतो. मी थांबवलं. पंधरा वर्षांच्या पोरीवर अख्ख्या समाजाची बाजू मांडायचं ओझं टाकू नये. वाचायचं ते आपण वाचावं. वॉशिंग्टनचं आफ्रिकन अमेरिकन इतिहासाचं राष्ट्रीय संग्रहालय २०१६ पासून खुलं आहे, तिथं मुलांना घेऊन जावं. मैत्रीण आपणहून काही सांगू लागली तर पुरतं ऐकावं. मध्येच ‘आम्हालाही इथं त्रास होतो’ म्हणून तिचं बोलणं तोडू नये. आपला त्रास खरा असतो, पण तो सांगायची ती वेळ नव्हे.

मुक्कामाला बाबांनीच सोडलं, मैत्रिणीच्या आईवडिलांशी बोलून आले. कॉलेजच्या प्रवेशांवरून मात्र बापलेकीचे खटके अजून उडतात. पुढच्या भेटीत आम्ही तोच विषय घेणार आहोत.