कॅन्सरचे डॉक्टर पर्यायी उपचारांच्या विरोधातच असतात का?

सरसकट नाही. मुख्य उपचारांच्या जोडीला योग, ध्यान किंवा मळमळीसाठी अ‍ॅक्युपंक्चर घ्यायला बरेच कॅन्सरतज्ज्ञ हरकत घेत नाहीत. काही जण तर स्वतःहून सुचवतात. बिनसतं ते 'जोडीला'च्या जागी 'ऐवजी' आलं की. येल विद्यापीठातल्या संशोधकांच्या २०१८ च्या अभ्यासात, न पसरलेल्या कॅन्सरवर फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका अडीचपट आढळला. स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाचपटीहून जास्त.

दुसरी धास्ती पोटात जाणाऱ्या औषधांची. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती इरिनोटेकान या केमोच्या औषधाचा परिणाम कमी करू शकते. 'नैसर्गिकच आहे की' म्हणून रुग्ण सांगत नाहीत, आणि (खरं सांगायचं तर) पुष्कळ डॉक्टर विचारतही नाहीत. तुम्हीच बाटली नेऊन दाखवा.