मार्क कमी पडले, आज मिसळ खायची का?

परीक्षांचा हंगाम जवळ आला की ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक तक्रार हमखास येते. आई म्हणते, "अभ्यास टाकून खायला बाहेर पळतो." मुलगा म्हणतो, "खाताना बरं वाटतं, पण घरी येईपर्यंत अपराधी वाटायला लागतं." चांगलंचुंगलं खाऊन घटकाभर ताण विसरणं म्हणजे अभ्यासातून पळ काढणं का, ही दोघांचीही शंका.

कळव्याचा एक मुलगा आठवतो. ओंकार म्हणू, नाव अर्थातच बदललंय. 'नीट' ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा रिपीट करत होता. सुरुवातीच्या भेटींत तो फक्त आकडे बोलायचा: ७२०पैकी त्याला किती, मित्राला किती. डबा तो दीडपट वेगानं लेक्चर लावून खायचा, भाजी कोणती होती तेही सांगता यायचं नाही.

एकदा मी मार्कांचा विषय मधेच तोडला. "चवीनं शेवटचं कधी खाल्लंस रे?"

"मामलेदारची मिसळ. दिवाळीआधी."

"सांग की."

ज्याच्याकडून एकेक वाक्य ओढून काढावं लागायचं, तो मुलगा सुटलाच. मीडियम मागूनही कपाळावर आलेला घाम, पाव रश्श्यात बुडवायचा की नाही यावरून मित्राशी घातलेला वाद, मग दोघं तलावपाळीपर्यंत चालत गेले ते. इतक्या भेटींत पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यात एकही मार्क नव्हता.

"मग परत का नाही गेलास?"

"टेस्टमध्ये पाचशेच्या वर गेलो की जायचं ठरवलंय. वर गेलोच नाही."

"पाचशेच्या खालच्या मुलाला भूक लागत नाही का?"

तो हसला. मग बराच वेळ गप्प. "लागते. पण शोभत नाही."

"कुणाला?"

"मला."

गाठ इथे होती. आई म्हणत होती की हा खाण्यात पळून जातो. प्रत्यक्षात यानं खाण्यालाही कटऑफ लावला होता! मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या वाटेनं जाणारी. कामगिरीला मार्क द्यावेत, माणसाला देऊ नयेत, ही त्याची शिकवण मला आजही सगळ्यात उपयोगी वाटते. ती समजावून सांगत बसले असते तर ओंकारनं मान डोलावली असती आणि घरी जाऊन पुन्हा बेरीज मांडली असती. भुकेचा तो प्रश्न मला वेळेवर सुचला, याचं मला आजही बरं वाटतं.

गृहपाठ दिला: ज्या टेस्टला मार्क कमी पडतील, त्याच संध्याकाळी मिसळ. तो गेला. पहिले दोन घास हिशेबातच गेले, म्हणाला, मग तिखट असं लागलं की निगेटिव्ह मार्किंग सुचेना.

यात जादू काही नाही. ताणात शरीर धोक्याच्या तयारीत असतं, पचन मागे पडतं, म्हणून परीक्षेच्या सकाळी घास उतरत नाही. निवांत बसून जेवलं की शरीर त्या तयारीतून बाहेर यायला लागतं. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला साधारण २० मिनिटं लागतात. तेवढा वेळ मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. मिसळच हवी असं नाही, गरम वरणभात-तूप-लिंबूही चालेल. आणि आईबाबांनो, ताटावर टेस्टचा विषय काढू नका. हे मी प्रत्येक घराला सांगते, आणि निम्म्या घरांत पहिल्याच रात्री मोडलं जातं.

ओंकारच्या आईंनी नंतर फोन केला, "मॅडम, यानं मार्क वाढतील ना?" मी म्हटलं, "ताई, त्यासाठी खायला घालणार असाल तर तुम्हीही अटच घालताय."

मात्र रात्री एक वाजता मोबाईल बघत वेफर्सची पाकिटं संपवणं, हे मी विसाव्यात धरत नाही. त्यातून उठल्यावर हलकं वाटत नाही आणि पुस्तकही उघडलं जात नाही. जेवण सतत टाळलं जात असेल, खाऊन मुद्दाम उलटी काढली जात असेल, किंवा जगणंच नको असं बोलणं येत असेल, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, रात्रीही चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.