हप्ता थकला तुमचा, फोन गेला दिरांना

प्रश्न : मी खासगी क्लासमध्ये शिकवत होते. मोबाइल ॲपवरून एका एनबीएफसीचं (बँक नसलेल्या वित्त कंपनीचं) ९० हजारांचं कर्ज घेतलं. अकरा हप्ते वेळेवर भरले, मग क्लास बंद पडला आणि तीन हप्ते थकले. आता दिवसाला वीस-पंचवीस फोन येतात, रात्री दहा वाजताही. दिरांना फोन करून 'तुमची वहिनी फ्रॉड आहे' असं सांगितलं. परवा एकजण म्हणाला, 'सायबर पोलीस ठाण्यातून पीएसआय बोलतोय, संध्याकाळपर्यंत ऑनलाइन पैसे भरा, नाहीतर वॉरंट.' पाठोपाठ व्हॉट्सॲपवर कोर्टाच्या शिक्क्याचा कागद आला, तो सोबत जोडते आहे. मला अटक होईल का? सिम बदलून टाकू का?

उत्तर : ताई, सिम बदलू नका. तुमच्याकडचा सगळा पुरावा त्याच फोनमध्ये आहे. शिवाय नंबर बंद झाला की हीच मंडळी कागदोपत्री 'कर्जदार फरार' असा शेरा मारून मोकळी होतात.

हप्ता थकणं हा गुन्हा नाही. पैसे वसूल करायचे तर कंपनीने दिवाणी न्यायालयात किंवा लवादापुढे जायचं असतं. थकलेल्या तीन हप्त्यांसाठी पोलीस वॉरंट घेऊन दारात येत नाहीत. एक बाब मात्र लक्षात ठेवा. कर्ज घेताना हप्ता खात्यातून आपोआप कापायची संमती तुम्ही दिली असणार. खात्यात पैसे नसल्यामुळे ती वजावट परत गेली तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ चं कलम २५ लागू शकतं. चेक बाउन्सच्या कलम १३८ चा धाकटा भाऊ म्हणा. त्यातही आधी लेखी नोटीस, मग पैसे भरायला १५ दिवस आणि तरीही भरले नाहीत तरच फौजदारी तक्रार, असा क्रम आहे. म्हणून पोस्टाने खरी नोटीस आली तर परत पाठवू नका. ती घ्या, पाकिटावर मिळाल्याची तारीख लिहा आणि त्याच आठवड्यात वकिलाला दाखवा.

व्हॉट्सॲपवरचा तो कागद मी नीट पाहिला. वर 'जिल्हा न्यायालय' आहे, पण कोणत्या जिल्ह्याचं ते नाही. केस नंबर नाही. न्यायाधीशाच्या सहीच्या जागी 'लीगल डिपार्टमेंट' लिहिलंय. आणि या वर्षीच्या थकबाकीला भारतीय दंड संहितेचं कलम ४२० लावलंय! १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुना कागद तारीख बदलून फिरवणाऱ्याला तेवढीही खबर नाही. तो डिलीट मात्र करू नका, पुढे कामाला येईल.

आता कायदा तुमच्या बाजूने काय आहे ते. अमेरिकेत वसुली करणाऱ्यांच्या वागणुकीवर १९७७ सालापासून स्वतंत्र कायदा आहे. आपल्याकडे तसा देशभराचा एकच कायदा नाही. कर्नाटक आणि तमिळनाडूने २०२५ मध्ये जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध आपापले कायदे केले. बेकायदा कर्जवाटपावर बंदी आणणाऱ्या विधेयकाचा मसुदा केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये सूचना-हरकतींसाठी मांडला, पण मसुद्यावर केस चालत नाही. तुम्हाला कोणीतरी महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी कायदा सुचवला असेल, तर तोही इथे नाही. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या एनबीएफसींना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ठरवलं आहे.

मग उरतात ते रिझर्व्ह बँकेचे नियम, आणि ते कमी नाहीत. १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायला मनाई केली. शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान, नातेवाईक-मित्रांना त्रास आणि खोटी माहिती देणंही त्यात आलं. डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार ॲपला तुमची कॉन्टॅक्ट लिस्ट उघडायचीच परवानगी नाही. आता सांगा, दिरांचा नंबर तुम्ही अर्जात दिला होता का? नसेल, तर तो त्यांच्याकडे आला कुठून, हा प्रश्न कंपनीला अडचणीत आणणारा आहे.

या नियमांची खुबी अशी की ते एजंटला नाही, कंपनीला बांधतात. एजंट काय, आज हा तर उद्या तो. त्याच्याशी फोनवर भांडण्यात दम घालवू नका. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. त्याचं नाव आणि पत्ता वेबसाइटवर द्यावाच लागतो. मजकूर साधा ठेवा : 'मला कर्ज मान्य आहे, नोकरी गेल्याने हप्ते थकले. अमुक तारखेला रात्री १० वाजून ४ मिनिटांनी या नंबरवरून फोन आला, अमुक तारखेला माझ्या दिरांना फोन केला. आपण नेमलेल्या वसुली एजन्सीचं नाव व अधिकारपत्र पाठवा. खात्याचा पूर्ण उतारा द्या.' उताऱ्यात दंडाची रक्कम मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावलंय का ते बघा. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने ते बंद केलं आहे. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. फी नाही, वकीलही लागत नाही. अगदी छोट्या एनबीएफसी त्या योजनेबाहेर असतात, तेवढं आधी तपासा.

पोलिसांकडे मात्र ३० दिवस थांबू नका. तिथे पहिलं वाक्य ऐकाल : 'हे दिवाणी प्रकरण आहे, मॅडम.' कर्ज दिवाणी आहे, धमकी नाही. नुसत्या धमकीवर बहुधा अदखलपात्र नोंद, म्हणजे एनसी, हातात ठेवतील; तिच्यावर न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. म्हणून तक्रारीत त्या तोतया पीएसआयला अगदी वर घ्या. नसलेल्या सरकारी पदाचा आव आणून तसं वागणं हा न्याय संहितेच्या कलम २०४ खाली दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. तुमच्या पत्रात ती गोष्ट शेवटून दुसऱ्या ओळीत होती, माझ्या मते तीच सगळ्यात वजनदार आहे. १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि सायबर पोर्टलवरही नोंद करा. ठाण्यात दाद लागली नाही, तर पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना लेखी पाठवा, त्यानंतर न्यायदंडाधिकारी आहेतच.

हे सगळं केलं तरी कर्ज माफ होत नाही, हेही स्पष्ट सांगतो. दरमहा जमेल तेवढ्याचा हप्ता बांधून मागा. 'सेटलमेंट', म्हणजे कमी रकमेत खातं बंद करणं, देऊ केली तर विचार करून घ्या. सिबिलमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, 'सेटल्ड' शेरा पडतो आणि पुढचं कर्ज अवघड होतं. पत्र कंपनीच्या ईमेलवरून आल्याशिवाय आणि पैसे थेट कर्जखात्यात जात असल्याशिवाय काहीही भरू नका. एजंटच्या स्वतःच्या यूपीआयवर एक रुपयाही नाही.

वकिलाच्या फीची काळजी असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

दिरांनाही सांगा, ते या प्रकरणात साक्षीदार आहेत. कदाचित तुमच्यावर रागावले असतील, तरी त्या दिवशीचा कॉल लॉग पुसू नका म्हणावं.